पहिला रिकर्व्ह बो: रायझर आणि लिम्ब्स निवडताना या चुका टाळा

पहिल्या रिकर्व्ह धनुष्यात (ज्याची टोके पुढे वळलेली असतात) सर्वांत जास्त पैसे वाया जातात ते लिम्ब्सवर, म्हणजे वरच्या-खालच्या वाकणाऱ्या पात्यांवर. कारण बहुतेक वेळा एकच असते: झेपेल त्यापेक्षा जास्त पाउंडेज (धनुष्य ओढताना हातावर येणारे वजन) घेतलेले असते. चांगला रायझर, म्हणजे हातात धरायचा मधला भाग, वर्षानुवर्षे साथ देतो, पण सुरुवातीचे लिम्ब्स काही महिन्यांतच मागे पडतात आणि ते पडायलाच हवेत. म्हणून खर्च रायझरवर करा. पहिले लिम्ब्स हलके आणि साधे घ्या, भाड्याने किंवा वापरलेले मिळाले तर उत्तमच.

लिम्बवर छापलेला आकडा खरा मानणे

लिम्बवर लिहिलेले पाउंडेज साधारणपणे २५ इंची रायझर आणि २८ इंच ड्रॉ लेंग्थ (ड्रॉ म्हणजे स्ट्रिंग जितकी मागे ओढली जाते ते अंतर) धरून दिलेले असते. तुमची ड्रॉ वेगळी असेल तर बोटांवर येणारे वजनही वेगळे असते. २८ इंचांच्या आसपास दर इंचामागे साधारण २ पाउंडांचा फरक पडतो. म्हणजे २४ पाउंडांचा लिम्ब २६ इंच ड्रॉ असलेल्याच्या बोटांवर २० पाउंडांच्या आसपास भरतो आणि ३० इंच ड्रॉ असलेल्याला २८ पाउंडांच्या घरात जातो. रायझरच्या लांबीचाही परिणाम होतो. तेच लिम्ब्स २३ इंची रायझरवर लावले तर वजन सुमारे २ पाउंडांनी वाढते, २७ इंचीवर तेवढेच घटते.

हिशेब करून अंदाज बांधा, पण खरा आकडा बो स्केलवरच, म्हणजे धनुष्याचे वजन मोजणाऱ्या काट्यावरच कळतो. स्केल स्ट्रिंगला (प्रत्यंचेला) अडकवून आपल्या अँकरपर्यंत, म्हणजे पूर्ण ओढल्यावर हात चेहऱ्याला टेकतो त्या जागेपर्यंत ओढा आणि तिथले वजन लिहून ठेवा. पुढे बाण निवडताना हाच आकडा लागणार आहे.

ताकद आहे म्हणून जड लिम्ब्स घेणे

व्यायामशाळेत भरपूर वजन उचलणाऱ्यालाही ३४ पाउंडांचे धनुष्य एकदा ओढता येईल. प्रश्न ते तासभर, प्रत्येक बाणाला त्याच पद्धतीने ओढून धरण्याचा आहे. हे काम पाठीचे आणि खांद्याच्या पात्यांभोवतीचे स्नायू करतात, आणि त्यांना ही सवय लागायला महिने जातात. तोवर जादा वजन दंड आणि पुढचा खांदा पेलतो. तिथूनच खांद्याची दुखणी सुरू होतात. दुखणे गेले तरी वाकडी पद्धत अंगात मुरलेली राहते आणि ती सोडवणे नव्याने शिकण्यापेक्षा अवघड जाते.

सुरुवातीला प्रौढांसाठी बोटांवर १८ ते २४ पाउंड पुरेसे आहेत, मुलांसाठी १२ ते १६. अठरा मीटरवर २० पाउंडांनी उत्तम सराव होतो. ऑलिंपिक स्पर्धेत ७० मीटरवर ४५-५० पाउंड ओढणारे पुरुष तिरंदाज पाहून घाई होते, ते समजण्यासारखे आहे. पण ते त्या वजनापर्यंत पायरीपायरीने पोहोचलेले असतात.

जास्त वजनाची लक्षणे अशी दिसतात:

- ओढताना पुढचा खांदा कानाकडे चढतो किंवा कंबर मागे झुकते
- अँकरला हात टेकतो न टेकतो तोच बाण सुटतो
- क्लिकर (बाण पुरता ओढला की टक असा आवाज करणारी पट्टी) लावला तर तो पार करायला दर वेळी वेगळा वेळ लागतो
- सत्राच्या शेवटच्या फेऱ्यांत बाण खाली पडू लागतात

साधी चाचणी करा. स्ट्रिंग अँकरला आणून १० सेकंद स्थिर धरा, मग न सोडता हळूहळू परत आणा. थोड्या विश्रांतीने असे पाच-सहा वेळा करा. शेवटच्या वेळी हात थरथरत असेल किंवा अँकर पुढे सरकत असेल तर लिम्ब्सचे वजन उतरवा. वाढवायचे असेल तर एका वेळी २ पाउंडच वाढवा, फार तर ४. दर वेळी नवीन जोडी घ्यावी लागत नाही. आयएलएफ (वेगवेगळ्या कंपन्यांत सामायिक असलेली जोडणी) रायझरवर लिम्ब बोल्ट, म्हणजे लिम्ब जिथे टेकतो ते बोल्ट, आत-बाहेर करून साधारण १० टक्के वजन कमी-जास्त करता येते.

ड्रॉ लेंग्थ न मोजता धनुष्याची लांबी ठरवणे

उंचीवरून लांबी सांगणारे तक्ते ढोबळ असतात. दोन्ही हात पसरून बोटांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर इंचांत मोजा आणि त्याला २.५ ने भागा. जवळपासचा आकडा मिळेल. हाताची कव १७० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ६७ इंच असेल तर ड्रॉ २७ इंचांच्या आसपास येते. नेमकी मोजायची असेल तर अगदी हलके धनुष्य अँकरपर्यंत ओढा आणि ग्रिपच्या सर्वांत खोल भागासमोर बाणावर कुणाकडून तरी खूण करून घ्या. नॉकच्या (बाणाच्या मागच्या टोकाच्या, जिथे स्ट्रिंग अडकते) खाचेपासून त्या खुणेपर्यंतच्या अंतरात पावणेदोन इंच मिळवा. नवशिक्याची ड्रॉ पहिल्या काही महिन्यांत, खांदे रेषेत येऊ लागले की, वाढू शकते. म्हणून मोजमाप दोन लांब्यांच्या सीमेवर येत असेल तर लांब धनुष्याकडे झुका.

२५ इंची रायझरला शॉर्ट लिम्ब्स लावले तर धनुष्य ६६ इंचांचे होते, मीडियमने ६८, लाँगने ७०. २३ इंची रायझरवर हेच आकडे ६४, ६६, ६८ होतात. ड्रॉ २६ इंचांपर्यंत असेल तर ६४ ते ६६, २६ ते २८ असेल तर ६८, त्यापुढे ७०, असा निवडीचा साधारण कल असतो.

धनुष्य आखूड पडले तर पूर्ण ड्रॉला स्ट्रिंगचा कोन तीव्र होतो आणि बोटे चिमटली जातात. शेवटच्या इंचाला वजनही एकदम चढते. फार लांब पडले तर लिम्ब्स पुरते वाकत नाहीत आणि बाण मंद जातो. या दोन्हींत आखूड धनुष्य शिकणाऱ्याला जास्त छळते.

जोडणीची पद्धत न तपासणे

बाजारात रायझर-लिम्ब जोडणीचे तीन प्रकार भेटतात. पहिला आयएलएफ: एका कंपनीचा रायझर आणि दुसऱ्या कंपनीचे लिम्ब्स बिनधास्त जुळतात. काही जुन्या सामानावर ग्रांप्री असे लिहिलेले असते, तेही हेच. दुसरा हॉइट या कंपनीचा फॉर्म्युला; त्याची मापे वेगळी असल्याने आयएलएफ लिम्ब त्यात बसत नाही. तिसरा स्क्रूने आवळायचा, बहुधा लाकडी रायझरचा. त्याचे लिम्ब्स सहसा त्याच मॉडेलपुरते असतात आणि वजन बोल्टने बदलता येत नाही. पुढे वाढायचे असेल तर पहिला रायझर आयएलएफच घ्या. वापरलेल्या लिम्ब्सची निवडही तिथेच सर्वांत मोठी असते.

रायझर घेताना प्लंजर (बाणाला बाजूने टेकणारे स्प्रिंगचे बटण), साइट (नेम धरायचे साधन), क्लिकर आणि स्टॅबिलायझर (धनुष्य स्थिर ठेवणारा दांडा) यांची भोके आहेत का ते पाहा. काही स्वस्त लाकडी रायझरना ती नसतात किंवा अपुरी असतात. बेअरबो (साइट आणि स्टॅबिलायझरशिवायचा प्रकार) खेळायचा असेल तर रायझरला लावलेल्या वजनांसह, स्ट्रिंग उतरवलेले धनुष्य १२.२ सेंटिमीटरच्या कड्यातून गेले पाहिजे, असा वर्ल्ड आर्चरी या जागतिक संघटनेचा नियम आहे. तेव्हा वजने कुठे बसतात तेही आधीच पाहून घ्या.

उजवा-डावा

रायझर उजव्या किंवा डाव्या हाताचा असतो, लिम्ब्स नसतात. उजवा रायझर म्हणजे उजव्या हाताने स्ट्रिंग ओढणाऱ्याचा. तो डाव्या हातात धरला जातो. आधी प्रबळ डोळा तपासा. दोन्ही तळव्यांनी छोटा त्रिकोण करून दूरची वस्तू त्यात धरा आणि एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने ती वस्तू त्रिकोणातच दिसते तो प्रबळ. शक्यतो त्याच बाजूच्या हाताने ओढा. रायझर एकदा घेतला की ही चूक स्वस्तात सुधारत नाही.

महागडे कार्बन-फोम लिम्ब्स लगेच घेणे

कार्बन आणि फोमचे लिम्ब्स वेगवान असतात आणि उष्णता-दमटपणाने त्यांच्यात कमी फरक पडतो. पण २० पाउंडांना, बदलत्या ड्रॉला आणि अजून न बसलेल्या रिलीजला (स्ट्रिंग सोडण्याच्या क्रियेला) त्या वेगाचा उपयोग जवळपास शून्य. लाकडी गाभा आणि फायबरग्लासचे लिम्ब्स सुरुवातीला अगदी योग्य आहेत. तो पैसा वजन स्थिर झाल्यावर खर्च करा.

घरी आणल्यावर: जुळवणीतल्या अडचणी

लिम्ब रायझरच्या खाचेत सरकवताना टक असा आवाज येईपर्यंत बसवा. अर्धवट बसलेला लिम्ब स्ट्रिंग चढवताना निसटू शकतो. मजकूर छापलेला लिम्ब सहसा खालचा असतो. स्ट्रिंग चढवायला बो स्ट्रिंगरच (त्यासाठीची खास दोरी) वापरा; पाय घालून धनुष्य वाकवण्याची पद्धत लिम्ब पिरगळते. बाण न लावता स्ट्रिंग कधीही सोडू नका. बाणात जाणारी ऊर्जा मग लिम्ब्समध्येच राहते आणि त्यांना तडा जाऊ शकतो.

*स्ट्रिंग मधोमध दिसत नाही.* मागून पाहिल्यावर स्ट्रिंग दोन्ही लिम्ब्सच्या मध्यरेषेवरून आणि स्टॅबिलायझरच्या बोल्टवरून गेली पाहिजे. दोन्ही लिम्ब्सवर ती मध्यापासून बाजूला सरकलेली असेल तर रायझरमधली अलाइनमेंट लावावी लागेल. एकाच लिम्बच्या टोकाला ती घसरत असेल तर तो लिम्ब पिरगळलेला असण्याची शंका घ्या.

*धनुष्य खडखडते किंवा हाताला स्ट्रिंग लागते.* ब्रेस हाइट मोजा: ग्रिपच्या खोल भागापासून स्ट्रिंगपर्यंतचे अंतर. ६८ इंची धनुष्याला साडेआठ ते नऊ इंच, ६६ ला थोडे कमी, ७० ला थोडे जास्त. स्ट्रिंगला पीळ वाढवला की ते वाढते, सोडला की घटते. स्ट्रिंगची लांबी धनुष्यापेक्षा साधारण ३ इंच कमी असते. ६८ च्या धनुष्याला ७० च्या धनुष्याची स्ट्रिंग लावून कितीही पीळ दिला तरी बसत नाही.

*टिलर.* प्रत्येक लिम्ब जिथे रायझरला लागतो तिथून स्ट्रिंगपर्यंतचे अंतर मोजा. तीन बोटांनी, एक वर आणि दोन खाली असे ओढणाऱ्यासाठी वरचे अंतर खालच्यापेक्षा ३ ते ६ मिलिमीटर जास्त ठेवतात. बोल्ट फिरवताना आधी स्ट्रिंग उतरवा, लॉक स्क्रू सैल करा आणि वजन बदलायचे असेल तर दोन्ही बोल्ट सारखेच फिरवा. माहितीपत्रकातल्या कमाल मर्यादेपेक्षा बोल्ट बाहेर काढू नका.

वापरलेले लिम्ब्स घेताना

नख कडेवरून फिरवा. थर सुटले असतील तर नख अडकते. टोकाला, जिथे स्ट्रिंगची खाच असते, बारीक तडे शोधा. लिम्ब वाकवू न देणाऱ्या विक्रेत्याकडून घेऊ नका: स्ट्रिंग चढवून, हळूहळू ओढून, मागून सरळपणा पाहिल्याशिवाय पिरगळ कळत नाही.

बाण मात्र या सगळ्यानंतर. बाणाचा ताठरपणा बोटांवरच्या वजनाप्रमाणे आणि बाणाच्या लांबीप्रमाणे ठरतो. लिम्ब्स बदलणार हे माहीत असल्याने पहिला संच थोडा लांब ठेवा, म्हणजे वजन वाढल्यावर तो कापून ताठ करता येतो.