ईएसपी-आयडीएफ सुरू करताय? या चुका टाळा

केळीच्या बागेत ओलावा मोजायचा आणि मोबाइलवरून ठिबकची मोटर चालू-बंद करायची, हा जळगाव-धुळ्याकडच्या इंजिनिअरिंगच्या पोरांचा आवडता प्रोजेक्ट. बोर्ड वायफाय असलेल्या ईएसपी32 चिपचा, आणि सोप्या आर्डुइनोच्या पुढे जायचं ठरलं की ती चिप बनवणाऱ्या एस्प्रेसिफ कंपनीचं ईएसपी-आयडीएफ, म्हणजे तिचे प्रोग्राम लिहायची साधनं. बहुतेकांचं घोडं कोडच्या आधीच अडतं.

बोर्ड जोडूनही कॉम्प्युटरवर त्याचा पोर्टच दिसत नसेल तर आधी केबल बदला. काही केबलींत डेटाच्या ताराच नसतात. दिवा लागतो म्हणून कुणाला शंका येत नाही. तरी नाहीच दिसलं तर यूएसबीजवळची चिप सीपी2102 आहे की सीएच340 ते पाहून तिचा ड्रायव्हर टाका. लिनक्सवर परवानगी नाकारली, तर बऱ्याचदा युजर डायलआउट ग्रुपमध्ये (पोर्ट वापरायची मुभा असलेल्यांच्या यादीत) नसतो.

फोल्डरच्या नावात स्पेस नको, पाथ आखूड ठेवा. आयडीएफची गिटहबवरची 'डाउनलोड झिप' घेऊ नका, तिच्यात सबमॉड्यूल (आत जोडलेले दुसरे प्रोजेक्ट) येत नाहीत. गिटने रिकर्सिव्ह क्लोन करा, म्हणजे तेही उतरतात. आणि नवीन टर्मिनल उघडलं की एक्स्पोर्ट स्क्रिप्ट (टर्मिनलला आयडीएफच्या कमांड दाखवून देणारी) पुन्हा चालवावी लागते. 'कमांड सापडली नाही' एवढ्यावरून अख्खं इन्स्टॉलेशन पुसणारे भेटतात, तेव्हा कपाळाला हात लावावा वाटतो.

बोर्डवर ईएसपी32 ची एस3 किंवा सी3 ही भावंडं असतील तर सेट-टार्गेट, म्हणजे चिप निवडायची कमांड, सगळ्यात आधी. ती कमांड एसडीकेकॉन्फिग ही सेटिंगची फाइल नव्याने बनवते, म्हणजे मेन्यूकॉन्फिगमध्ये (सेटिंगच्या मेन्यूत) तासभर केलेल्या निवडी गेल्याच.

आता सगळ्यात फसवी चूक. लूपमध्ये 5 मिलिसेकंदांचा व्हीटास्कडिले (टास्कला थांबवणारं फंक्शन) दिलाय, तरी थोड्या वेळाने टास्क वॉचडॉग, म्हणजे प्रोसेसर अडवून बसणाऱ्या टास्कवरचा पहारेकरी, ओरडतो. कारण आयडीएफमधल्या फ्रीआरटॉस या ऑपरेटिंग सिस्टीमचा टिक, म्हणजे घड्याळाचा ठोका, मुळात 100 हर्ट्झवर असतो, एक टिक म्हणजे 10 मिलिसेकंद. 5 मिलिसेकंदांचे टिक काढले की पूर्णांकात उत्तर शून्य येतं. म्हणजे टास्क थांबतच नाही, आयडल टास्कला (बाकी सगळे थांबले की चालणाऱ्या टास्कला) वेळ मिळत नाही आणि वॉचडॉग त्याचीच तक्रार करतो. किमान 10 मिलिसेकंद द्या, किंवा मेन्यूकॉन्फिगमध्ये टिक 1000 हर्ट्झ करा. वॉचडॉगच बंद करून टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

ओलाव्याचा सेन्सर टेबलावर चालतो आणि वायफाय जोडताच बिघडतो? तो एडीसी2 च्या पिनवर असणार; एडीसी म्हणजे सेन्सरचं व्होल्टेज आकड्यात बदलणारा भाग. मूळ ईएसपी32 वर वायफाय चालू असताना एडीसी2 भरवशाचा नाही. सेन्सर 32 ते 39 मधल्या पिनवर घ्या. त्यातल्या 34 पासून पुढच्या फक्त इनपुटच्या, तिथे रिले (मोटर चालू-बंद करणारा स्विच) लावू नका. पिन 12 बूटच्या वेळी हाय राहिली तर फ्लॅशचं (प्रोग्राम साठवणाऱ्या मेमरीचं) व्होल्टेज चुकतं आणि बोर्ड उठतच नाही.

आयडीएफच्या मॉनिटरवर (बोर्डचे संदेश दाखवणाऱ्या खिडकीत) 'ब्राउनआउट' दिसलं तर मे महिन्यातल्या उन्हाला दोष देऊ नका, बोर्डवरचं व्रूम मॉड्यूल (ईएसपी32 चिप असलेला भाग) 85 अंशांपर्यंत चालतं. विजेचा पुरवठा कमी पडतोय. रिलेला वेगळा 5 व्होल्टचा सप्लाय द्या. रिले मॉड्यूल ऑप्टोने (प्रकाशाने सिग्नल देणाऱ्या सुट्या भागाने) वेगळं केलेलं नसेल तर ग्राउंड एकत्र जोडा.

आणि शेतावर मोबाइलचा हॉटस्पॉट दिसत नसेल, तर तो 5 गिगाहर्ट्झवर असेल. ईएसपी32 ला 2.4 च कळतं.