फौजी राज्यपालाचं चरित्र लिहायचंय? मग लढाया जरा आवरा

लष्करातून निवृत्त होऊन पुढे राज्यपाल झालेल्या माणसावर लिहायला बसलं की बहुतेकांचं एकच होतं, चार पानं लढाया आणि शेवटी एक ओळ की "नंतर त्यांनी अमुक राज्याचं राज्यपालपद भूषवलं". भूषवलं म्हणजे केलं काय हो? माणूस पाच-पाच वर्षं राजभवनात होता, तिथे नुसत्या फिती कापत होता की अजून काही, हे शोधणं हेच तर खरं काम. मी असे दोन-तीन लेख लिहिलेत, भरपूर चुकलोय, तर जे कळलं ते सांगतो. उदाहरणाला लेफ्टनंट जनरल एस. के. सिन्हा घेऊ, कारण त्यांच्या आयुष्यात सगळे खड्डे एकाच जागी सापडतात.

सगळ्यात आधी एका कागदावर नुसती सालं लिहून काढा. लेख नाही, फक्त सालं. सिन्हांची अशी होतात: १९४७ ला श्रीनगरला विमानानं फौज पाठवायची व्यवस्था बघणारे तरुण स्टाफ ऑफिसर, १९८३ ला उपलष्करप्रमुख, त्याच वर्षी राजीनामा, १९९० ला नेपाळमध्ये राजदूत, १९९७ ते २००३ आसामचे राज्यपाल, २००३ ते २००८ जम्मू-काश्मीरचे. आता मधल्या मोकळ्या जागा बघा. गोष्ट तिथेच असते. ८३ ला राजीनामा का? तर लष्करप्रमुख जनरल कृष्ण राव निवृत्त होत होते, सेवाज्येष्ठतेनं नंबर सिन्हांचा लागत होता, आणि सरकारनं नेमलं अरुणकुमार वैद्यांना. आपल्याकडे ही गोष्ट फक्त वैद्यांच्या बाजूनं माहीत असते, आणि ते साहजिकच आहे, दोन महावीर चक्रं मिळवलेला माणूस, ८६ ला पुण्यात त्यांची हत्या झाली. पण तीच नेमणूक दुसऱ्या बाजूनं पाहिली तर एका अधिकाऱ्याची नोकरी तिथे संपली आणि दुसरं आयुष्य सुरू झालं. गंमत म्हणजे ज्यांच्या जागी सिन्हा येणार होते ते कृष्ण रावही नंतर राज्यपाल झाले, आणि तेही जम्मू-काश्मीरचे, दोनदा.

मोकळ्या जागेत राजकारण असेल तर तेही लिहायचं, लपवायचं नाही. १९७१ च्या ढाक्याच्या शरणागतीमुळे माहीत असलेले लेफ्टनंट जनरल जे. एफ. आर. जेकब १९७८ ला निवृत्त झाले आणि गोव्याचे राज्यपाल झाले १९९८ ला. मधली वीस वर्षं गाळली तर वाचकाला वाटतं गणवेश उतरवला आणि थेट राजभवनात गेले. ते मधल्या काळात भाजपमध्ये गेले होते, हे लिहिल्याशिवाय नेमणूक समजतच नाही.

आता हुद्दे आणि पदकं, इथे फार लोक घसरतात. मी एकदा परम विशिष्ट सेवा पदकाला शौर्यपदक लिहिलं, एका निवृत्त सुभेदारसाहेबांनी फोन करून जे काही झापलं ते अजून कानात आहे. ते सेवेसाठीचं पदक आहे, रणांगणावरच्या शौर्यासाठी परमवीर, महावीर, वीर ही चक्रं वेगळी. तसंच "आर्मी कमांडर" म्हणजे लष्करप्रमुख नव्हे, एका कमांडचा, म्हणजे लष्कराच्या एका मोठ्या विभागाचा प्रमुख. ७१ ला पूर्व कमांडचे प्रमुख अरोरा होते, जेकब त्यांचे चीफ ऑफ स्टाफ, शरणागतीच्या कागदावर सही अरोरा आणि पाकिस्तानचे सेनानी नियाझी यांची. जेकबांचा वाटा मोठाच होता पण म्हणून त्यांना प्रमुख करून टाकू नका.

आता राजभवन. यासाठी राज्यघटनेची दोन-चार कलमं वाचायलाच लागतात, कंटाळा आला तरी. कलम १५५ नं राष्ट्रपती नेमतात, १५६ नं मुदत पाच वर्षं पण राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंतच, आणि १६३ नं बहुतेक सगळं मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं. म्हणजे "राज्यपालांनी अमुक निर्णय घेतला" असं वाचलं की लगेच विचारायचं, त्यांनी की त्यांच्या नावानं सरकारनं? सगळ्यात मोठा सापळा म्हणजे विधानसभेतलं अभिभाषण. ते भाषण सरकार लिहून देतं, राज्यपाल फक्त वाचतात, त्यातलं "माझं सरकार" वगैरे उचलून "त्यांचे विचार" म्हणून छापू नका प्लीज. उलट राष्ट्रपती राजवट असेल तर राज्याचा कारभार केंद्राच्या वतीनं खरोखर राज्यपालच बघतात, गोव्यात १९९९ ला काही महिने तसं झालं तेव्हा जेकब तिथे होते, म्हणून तो काळ वेगळा काढून वाचायचा.

मग स्वतःहून केलेलं काय ते शोधा. सिन्हांनी नोव्हेंबर १९९८ मध्ये आसाममधल्या बेकायदा स्थलांतरावर राष्ट्रपतींना एक सविस्तर अहवाल पाठवला. तो पटो न पटो, पण २००५ मध्ये सुप्रीम कोर्टानं आयएमडीटी कायदा (आसाममधले बेकायदा स्थलांतरित कोण हे ठरवण्याचा कायदा) रद्द केला त्या निकालात या अहवालाचा आधार घेतलाय. असा कागद सापडला की तुमच्या लेखाला कणा मिळाला. त्यावर टीका झाली तीही द्या. आणि दुसरी, आपल्या जवळची गोष्ट म्हणजे खडकवासल्याच्या एनडीएत सर्वोत्तम कॅडेटला लाचित बडफुकन यांच्या नावाचं सुवर्णपदक १९९९ पासून देतात, त्यामागे सिन्हांचा पुढाकार होता. मुघलांशी लढलेला आसामच्या आहोम राज्याचा हा सेनापती आपल्याकडे कोणाला ठाऊक होता, फौजी नजर असल्यामुळेच सुचलं असणार असं मला तरी वाटतं.

अडचणीचा भाग गाळू नका. २००८ चं अमरनाथ जमीन प्रकरण घ्या. मे महिन्यात जमीन देवस्थान मंडळाला द्यायचा निर्णय मुख्यमंत्री गुलाम नबी आझाद यांच्या मंत्रिमंडळाचा, पण मंडळाचे अध्यक्ष पदसिद्ध राज्यपाल म्हणजे सिन्हा, आंदोलन पेटलं, जूनच्या शेवटी त्यांची मुदत संपली, नवे राज्यपाल एन. एन. वोहरा आले, आदेश मागे घेतला गेला आणि जुलैत सरकारही गेलं. "सिन्हांनी जमीन दिली" हे चूक आणि "त्यांचा काही संबंध नव्हता" हेही चूक. अशा वेळी तारखा ओळीनं मांडायच्या आणि कोण कुठल्या खुर्चीत होतं ते लिहायचं, विशेषणं अजिबात नकोत.

आणि हो, नायब राज्यपाल म्हणजे लेफ्टनंट गव्हर्नर, त्या लेफ्टनंटचा लष्करी हुद्द्याशी काही संबंध नाही. अर्जन सिंग माजी हवाईदलप्रमुख होते आणि १९८९-९० ला दिल्लीचे लेफ्टनंट गव्हर्नर, त्यांना या नादात कोणी लेफ्टनंट करून टाकू नये म्हणून सांगितलं.