परदेशात आपल्या चवीचा मसाला, चटण्या कशा जमवायच्या

नाशकातली बरीच पोरं आता जर्मनी, आयर्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलियाला असतात आणि पहिल्या महिन्यातच घरी व्हिडिओ कॉल येतो की आई, इंडियन स्टोअर सापडलं पण आपला मसाला नाहीये. गरम मसाला असतो, सांबार मसाला असतो, चाट मसाला तर चार कंपन्यांचा, पण काळा मसाला मागितला की दुकानदार नुसता बघत राहतो. ही दुकानं बहुतेक पंजाबी, गुजराती, तमिळ नाहीतर श्रीलंकन लोकांची, त्यांचं गिऱ्हाईक जे मागतं ते ते ठेवतात. म्हणून तयार पाकिटाच्या मागे लागू नका, ज्या वस्तूंनी ती चव येते त्या वस्तू शोधा, त्या जवळपास सगळ्या मिळतात.

सुरुवात निघायच्या आधी नाशकातच करायची. रविवार कारंजा, भद्रकालीकडच्या किराणा दुकानांतून खडा मसाला घ्या, घरी भाजा आणि कांडपवर कोरडा दळून आणा. यात कांदा आणि खोबरं घालू नका. त्यांच्यातल्या ओलाव्याने आणि तेलाने मसाला लवकर खवट होतो, ते तिकडे ताजं भाजून घालता येतं. दळलेल्या मसाल्यात हिंगाचे एक-दोन खडे टाकून दोन पिशव्यांत पॅक करा आणि वर घटक इंग्लिशमध्ये लिहून चिकटवा, कस्टमवाल्याने विचारलं तर दाखवता येतं.

बॅग भरताना नियम नीट बघा. मिरचीची पूड केबिन बॅगेत चालत नाही, लोणचंही चेक-इनमध्येच टाका. खोबऱ्याच्या वाट्या मात्र चेक-इनमध्येही नाही, त्यात तेल असतं म्हणून पेट घेणाऱ्या वस्तूंत धरतात. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे तूप, पेढे घरीच राहू द्या. दुबई, सौदी, सिंगापूरला जाणार असाल तर खसखस अजिबात नको, मसाल्यात दळलेली पण नको, तिकडे ती बेकायदा आहे आणि प्रकरण खरंच अंगाशी येतं. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलियाला खायचं जे काही असेल ते डिक्लेअर करायचंच, न्यूझीलंडमध्ये नाही केलं तर 400 डॉलर दंड आहे.

आता तिकडे पोचल्यावर काय. काळ्या मसाल्याचा जीव दगडफुलात आहे, ते नसेल तर बाकी सगळं घालूनही चव गरम मसाल्याकडेच झुकते. हे तमिळ किंवा श्रीलंकन दुकानात कल्पासी म्हणून मागा, उत्तर भारतीय दुकानात पत्थर फूल म्हणून. हातात घेतलं की सुकलेल्या, चुरगळलेल्या कागदासारखं लागतं, एका बाजूने करडं आणि दुसऱ्या बाजूने काळं. भाजताना चमचाभर तेलात, मंद आचेवर, वास सुटला की लगेच उतरवा कारण जळलं तर कडू होतं आणि मग आख्खा मसाला कडू.

खोबऱ्यासाठी सुपरमार्केटमधला डेसिकेटेड कोकोनट चालतो, पण पाकिटावर साखर आहे का ते वाचून घ्या, केकच्या सामानात ठेवलेला बऱ्याचदा गोड असतो. तो कोरड्याच कढईत मंद भाजा, चॉकलेटी रंग येईपर्यंत. लसूण-खोबऱ्याची चटणीही याचीच मस्त होते. मिरचीत रंग वेगळा आणि तिखटपणा वेगळा घ्यायचा. रंगाला काश्मिरी पूड किंवा कोरियन दुकानातली गोचुगारू (त्यांची मिरचीपूड), तिखटाला तिथली लहान सुक्या मिरच्यांची कुठलीही जात. फ्लॅटमध्ये मिरच्या तव्यावर भाजू नका, धुराचा अलार्म वाजतो आणि शेजारीपाजारी खोकत बाहेर येतात, ओव्हनमध्ये 150 डिग्रीला तीन-चार मिनिटं पुरतात.

ठेच्याला हालापिनो घेऊ नका, पाणचट असते, थाई मिरची घ्या. जवस कुठल्याही सुपरमार्केटात. मेतकुटाचं डाळवं गुजराती दुकानात दाळिया म्हणून. अंबाडी तेलुगू दुकानात गोंगुरा नावाने, भाजी पण मिळते आणि लोणचं पण. खुरासणी (कारळे) मात्र भारतीय दुकानात क्वचितच दिसते, ती इथिओपियन दुकानात नूग म्हणून बघा, ते लोक रोजच्या खाण्यात वापरतात. पक्ष्यांच्या खाद्यात विकतात ती घेऊ नका, ती माणसांना खायला म्हणून तयार केलेली नसते.

कुरियरने मागवायचा विचार असेल तर आधी खर्च विचारा, मसाल्यापेक्षा पाठवणं महाग पडतं, आणि अमेरिकेने 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलची ड्यूटीची सूट 29 ऑगस्ट 2025 पासून काढून टाकली आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या माणसाच्या बॅगेत अर्धा किलो द्यायचा मार्ग अजूनही सगळ्यात बरा, फक्त त्यालाही आत काय आहे ते सांगा, बंद पुडकं हातात देऊ नका. आलेला मसाला छोट्या बरण्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवायचा आणि लागेल तशी एकच बाहेर काढायची.

आणि दुकानदाराशी ओळख वाढवा. दगडफूल, कोकम, खडा हिंग त्याच्या होलसेलरकडे बहुतेक असतंच, कोणी मागत नाही म्हणून तो आणत नाही. फोनवर फोटो दाखवा, गावातल्या दोन-तीन मराठी घरांनी मिळून किलोभर घ्यायची तयारी दाखवली की पुढच्या मालात तो मागवून घेतो.