दुधीला फुलं येतात, फळ का धरत नाही? हाताने परागीकरण करताना

मांडवावर दुधी पसरतो, पांढरी फुलं दिसू लागतात आणि एक-एक करून गळून जातात. सुरुवातीचे दहा-पंधरा दिवस तरी यात काळजीचं कारण नाही. वेल आधी नर फुलंच काढतो, आणि नर फूल एका रात्रीचं काम करून गळायचंच. त्यांना वांझ फुलं म्हणून सरसकट खुडू नका. मादी उमलेल त्या संध्याकाळी ताजं नर फूल हाताशी नसेल, तर सगळं मुसळ केरात.

नर-मादी ओळखायला पाकळ्यांकडे नाही, पाकळ्यांच्या खाली बघायचं. नर फुलाचा देठ लांब, बारीक आणि फुलापर्यंत सरळ जातो. मादी फुलाचा देठ आखूड, आणि देठ व पाकळ्यांच्या मध्ये बोटाच्या पेराएवढा लवदार, हिरवा इवलासा दुधी असतोच. तो फुलाचा अंडाशय; पराग मिळाला नाही तर तो तिथेच संपतो. आत डोकावलं तर नरात पिवळे परागकोश, मादीत तीन जाड भागांची चिकट कुक्षी, म्हणजे पराग झेलणारा भाग.

आता वेळ. बहुतेकांचं इथेच चुकतं. दुधीचं फूल दिवस मावळताना उमलतं आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढलं की मलूल होतं. निसर्गात हे काम मुख्यतः रात्री फिरणारे पतंग करतात. सकाळी नऊ वाजता ब्रश घेऊन दुधीकडे जाणं म्हणजे वरातीमागून घोडं. दोडका आणि पडवळही संध्याकाळचेच. लाल भोपळा, कारलं, घोसाळं आणि काकडी मात्र सकाळची. भोपळ्याचं फूल तर पहाटेच उमलतं आणि दहाच्या आत मिटायला लागतं.

कृती सोपी आहे. त्याच संध्याकाळी उमललेलं नर फूल देठासकट तोडा. परागकोशाला बोट लावून बघा, पिवळी भुकटी बोटाला लागली पाहिजे. पाकळ्या मागे दुमडून तोडून टाका, म्हणजे देठाच्या टोकाला परागकोश उरतील. हाच तुमचा ब्रश. मादी फुलाच्या कुक्षीवर तो हलक्या हाताने फिरवा, तिन्ही भागांवर पराग दिसेपर्यंत. एकाच बाजूला लागला तर बिया एकीकडेच भरतात आणि फळ वाकडं किंवा एका टोकाला बारीक राहतं. एका नराने दोन माद्या होतात, पण नर भरपूर असतील तर एका मादीला दोन वापरा. नर त्याच वेलाचा असला तरी चालतो. मात्र कारल्याचा पराग दुधीला चालत नाही. झालं की देठाला सैल दोरा बांधून ठेवा, नाहीतर कोणतं केलं ते आठवत नाही.

दोन-तीन दिवसांत फळ हिरवंगार, तुकतुकीत राहून फुगायला लागलं तर धरलं समजा; साधारण बारा ते पंधरा दिवसांत कोवळा दुधी उतरवता येतो. टोकाकडून पिवळं पडून सुकलं तर पराग पोचला नाही. फळावर टोचल्याचा बारीक ठिपका आणि डिंकासारखा थेंब दिसला तर मात्र दोष परागाचा नाही, ती फळमाशी. असं फळ कापलं की आत अळ्या सापडतात. ते वेलाखाली टाकू नका, नष्ट करा.

पावसाने भिजलेला पराग गोळा होऊन निकामी होतो. पावसाची चिन्हं असतील तर दुपारीच फुगलेल्या कळ्यांवर कागदी पिशवी चढवा. कडक उन्हाळ्यातही पराग कमजोर पडतो. युरियाचा हात सैल सोडला की पानं माजतात आणि मादी फुलं कमी येतात. मुख्य वेलावर नर जास्त, बाजूच्या फांद्यांवर मादी जास्त. म्हणून वेल मांडवावर पोचला की शेंडा खुडतात.

कर्टोलीचं गणित वेगळं. तिथे नर आणि मादी वेलच स्वतंत्र. फक्त मादी कंद लावले तर फळ नाही, फक्त नर लावले तरी नाही. दहा मादी वेलांमागे एक नर तरी ठेवावा, आणि पहिल्या फुलोऱ्यातच खुणेच्या काठ्या रोवाव्यात. पावसाळा संपून वेल वाळला की कंद बघून काही कळत नाही.

घरचं बी राखायचं असेल तर संध्याकाळी उमलू पाहणाऱ्या नर-मादी कळ्यांचं तोंड दुपारीच दोऱ्याने बांधा, परागीकरण केल्यावर मादी पुन्हा बांधा. शेजारच्या दुधीचा पराग लागला तरी यंदाच्या फळाची चव बदलत नाही. फरक पडतो तो त्या बियांच्या पुढच्या पिढीत. कडू वेलाचं बी तर घेऊच नका, आणि दुधी कडू लागला तर शिजवायचाही नाही, फेकायचा. तो विषारी असतो.