प्रागला परिषदेसाठी येणाऱ्या मराठी मंडळींना

परिषदेच्या तीन-चार दिवसांत सगळे प्राग पाहून घेण्याचा हट्ट आपण धरू नये, असे येथे स्थायिक झालेला मनुष्य म्हणून मी आग्रहाने सांगेन. एक-दोन ठिकाणे निवडावीत आणि ती सावकाश पाहावीत.

आधी व्यवहाराचे. विमानतळावरून ५९ क्रमांकाची ट्रॉलीबस नाद्राझी वेलेस्लावीन या मेट्रो स्थानकावर सोडते. तेथून मुझेऊमला गाडी बदलून विशेह्रादला उतरले की काँग्रेस सेंटर समोरच आहे. कागदी तिकीट नुसते काढून भागत नाही, पिवळ्या यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का उमटवावा लागतो. मेट्रोच्या दारात अडवणारी फाटके नसल्याने हे सहज राहून जाते, आणि साध्या कपड्यांतील तपासनीस पाहुण्यांनाही दंड करतात. येथे चलन कोरुना आहे, युरो नव्हे. बदलून घेतलेल्या पैशांचा दर पटला नाही, तर एक हजार युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत त्याच ठिकाणी रद्द करण्याचा हक्क २०१९ पासून कायद्याने दिलेला आहे. त्यासाठी पावती जपावी.

दुपारच्या सुट्टीत विशेह्रादच्या किल्ल्यात चालत जाता येते. तेथे अकराव्या शतकातील गोल देऊळवजा चर्च आहे, आणि शेजारच्या दफनभूमीत संगीतकार द्वोर्झाक व स्मेताना यांच्या समाधी आहेत.

मात्र ज्यासाठी झोप मोडावी, ते जुन्या नगरभवनाच्या भिंतीवरील १४१० सालचे खगोलीय घड्याळ होय. ते करणाऱ्या हानुश नावाच्या कारागिराचे डोळे काढल्याची कथा वाटाडे रंगवून सांगतात, पण ती खरी नाही. घड्याळ कादानच्या मिकुलाशने बनवले आणि त्यामागचे गणित विद्यापीठातील यान शिंदेल यांचे असल्याचे मानले जाते. पंचांग पाहणाऱ्या माणसाला ही तबकडी इतरांपेक्षा लवकर उलगडते. बाहेरच्या कड्यावरील गॉथिक वळणाचे १ ते २४ अंक सूर्यास्तापासूनचे तास दाखवतात, आणि सूर्यास्ताची वेळ बदलत असल्याने ते कडेही वर्षभर पुढे-मागे सरकते. सोनेरी हात असलेल्या काट्यावरचा सूर्य राशींच्या कड्याला जेथे मिळतो, ती सूर्याची रास. ती सायन आहे, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेली; आपले पंचांग निरयन, म्हणजे स्थिर ताऱ्यांच्या आधारे मोजणारे. दोहोंत सुमारे २४ अंशांचे अंतर असल्याने एप्रिलच्या आरंभी येथे सूर्य मेषेत दिसतो, तर आपल्याकडे तो अजून मीनेतच असतो. चंद्राचा अर्धा काळा, अर्धा रुपेरी गोळा आतील वजनाच्या जोरावर फिरत कला दाखवतो. तो पाहताना त्या दिवसाची तिथी ताडून पाहावी, फार समाधान वाटते.

समोरच्या ‘टीन’ नावाच्या चर्चमध्ये खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहेची कबर आहे. त्याची निरीक्षणे हाती आल्यावर खगोलशास्त्रज्ञ केप्लरने याच शहरात ग्रहगतीचे पहिले दोन नियम मांडले आणि ते १६०९ मध्ये प्रसिद्ध केले. खगोलाची थोडीही आवड असेल, तर ही कबर चुकवू नये.

घड्याळातील प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या शिष्यांच्या, मूर्ती सकाळी नऊपासून दर तासाला खिडकीत येतात आणि तेव्हा चौकात उभे राहायला जागा मिळत नाही. तबकडी वाचायची असेल तर सातलाच पोहोचावे. रस्ते दगडी असल्याने चपट्या तळाचे बूट घालावेत. स्तारोम्येस्त्स्का स्थानक जवळच आहे, तेथून मुझेऊममार्गे पहिल्या सत्राला वेळेवर परतता येते.