वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या जुन्या मोटारीची किंमत ठरवताना या चुका टाळा

दहा-पंधरा वर्षे इमारतीच्या पार्किंगमध्ये उभी असलेली प्रीमियर पद्मिनी विकण्याची किंवा विकत घेण्याची वेळ आली, की पहिला प्रश्न ‘चालू होते का?’ हाच असतो. त्याचे उत्तर मिळवण्याच्या घाईतच सर्वांत महाग चूक घडते: नवी बॅटरी जोडून किल्ली फिरवली जाते. इतका काळ न फिरलेल्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतींवरचे तेल ओघळून गेलेले असते, पिस्टनच्या रिंगा गंजाने धरलेल्या असू शकतात आणि कार्ब्युरेटरमध्ये जुन्या पेट्रोलचा चिकट थर साचलेला असतो. अशा अवस्थेत स्टार्टरने जोर लावला, तर सिलिंडरवर ओरखडे पडतात किंवा रिंगा तुटतात, आणि थोड्या धीराने मोकळे झाले असते असे इंजिन पूर्ण उघडावे लागते. त्याऐवजी गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून स्पार्क प्लग काढावेत, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे इंजिन ऑइल सोडून एक-दोन दिवस थांबावे आणि मग क्रँकशाफ्टच्या पुलीला पाना लावून इंजिन हाताने फिरते का, ते पाहावे. किमतीसाठी एवढी माहिती पुरेशी आहे.

इंजिन जाम निघाले म्हणून मोटार कवडीमोल समजणे ही याच्या उलट चूक आहे. पद्मिनीचे १०८९ सीसीचे कार्ब्युरेटरचे इंजिन साधे आहे आणि ते ओळखणारे मिस्त्री अजून सापडतात. खरी किंमत पत्र्यात असते. या मोटारीला वेगळी चॅसी, म्हणजे बॉडी पेलणारी खालची चौकट, नाही. संपूर्ण सांगाडा म्हणजेच बॉडी असल्यामुळे खालचा पत्रा सडला की मोटारीची ताकदच जाते. वरच्या चकचकीत रंगावर विश्वास न ठेवता पायाखालचे गालिचे उचलावेत, दाराखालच्या पट्ट्या, चाकांवरच्या कमानी, बॅटरीखालची जागा आणि मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगा जिथे बसतात तो भाग टॉर्चने तपासावा. संशयास्पद ठिकाणी कापडात गुंडाळलेले लोहचुंबक लावून पाहावे. ते चिकटत नसेल, तर रंगाखाली पत्रा नसून पुट्टी आहे. कोकणात किंवा मुंबईच्या किनारपट्टीत उभ्या राहिलेल्या मोटारीबाबत ही तपासणी अधिक कसून करावी, आणि प्लास्टिकच्या आच्छादनाखाली जपून ठेवल्याचे कोणी सांगितले तर निर्धास्त होऊ नये, कारण त्याखाली ओल कोंडून राहते.

कागदपत्रांकडे शेवटी पाहण्याची सवयही नुकसान करते. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि पुढे दर ५ वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. बंद मोटारीचे ते बहुधा राहून गेलेले असते. २० वर्षांहून जुन्या मोटारीसाठी नूतनीकरणाचे शुल्क २०२५ मध्ये १०,००० रुपये झाले आहे. त्याशिवाय पर्यावरण कर, विमा आणि नवी सुरक्षित नंबरप्लेट हे खर्च आहेतच. पासिंगसाठी मोटार चालत्या स्थितीत न्यावी लागते, हेही हिशेबात धरावे. आरसी बुकातला चॅसी क्रमांक प्रत्यक्ष ठशाशी ताडून पाहावा. मूळ मालक हयात नसतील, तर आधी वारसाच्या नावावर हस्तांतरण व्हायला हवे. जुन्या कर्जाचा बोजा नोंदीत राहून गेला असेल, तर तोही काढून घ्यावा.

जाहिरातींत दिसणाऱ्या किमती म्हणजे विक्रेत्यांच्या अपेक्षा. प्रत्यक्ष व्यवहार त्याहून कमी रकमेला होऊ शकतो. शिवाय पूर्ण दुरुस्त केलेल्या मोटारीशी उभ्या मोटारीची थेट तुलना करता येत नाही. हिशेब उलटा करावा. समजा, कागदपत्रे पूर्ण असलेली चालू पद्मिनी दीड लाखाला जाते. पत्रा आणि रंग ६०,०००, ब्रेक, टायर व वायरिंग ३५,००० आणि नोंदणी-विमा २०,००० असा अंदाज निघाला, तर उरतात ३५,०००. त्यातूनही उघडल्यावर निघणाऱ्या कामासाठी काही रक्कम राखून ठेवावी. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत, मात्र खर्चाचे अंदाज गॅरेजमधून लेखी घेतले, तर बोलणी भावनेवर न जाता कागदावर राहतात. कुटुंबाची मोटार विकणाऱ्याला ही वजाबाकी कठोर वाटेल, हे मी समजू शकतो; तरीही आठवणींचे मोल घेणाऱ्याकडून मागणे रास्त नाही.

टायरची नक्षी शाबूत दिसली तरी ते नव्याने घ्यावे लागतील, असेच धरावे. बाजूवरच्या चार अंकी खुणेत उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष असते. तीनच अंक असतील तर टायर २००० पूर्वीचा आहे.

‘व्हिंटेज’ म्हणून किंमत वाढवून सांगणाऱ्यांनी २०२१ चा केंद्रीय नियम पाहावा. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ झालेली आणि मूळ स्वरूपात मोठे बदल न केलेली मोटारच त्यात बसते. तिच्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती रोजच्या वापरासाठी चालवता येत नाही. १९९० च्या दशकातल्या पद्मिनीला हा दर्जा आज मिळणार नाही.

वजाबाकीनंतर काहीच उरत नसेल, तर अधिकृत भंगार केंद्राचा दर विचारावा आणि मोटार जमा केल्याचे प्रमाणपत्र घेऊन नोंदणी रद्द करून घ्यावी. ओळखीच्या भंगारवाल्याला मोटार नुसती उचलून देऊ नये. नोंदणीत नाव आहे तोवर कायद्याच्या दृष्टीने मालक तुम्हीच राहता.