टस्कनीच्या शेतघरात पास्ता शिकायचाय, पण अंडं चालत नाही?

इटलीत ‘आग्रितुरिस्मो’ म्हणजे शेतावरच्या मुक्कामात स्वयंपाकाचा वर्ग घेतला की बहुतेक ठिकाणी ताल्यातेल्ले नाहीतर राव्हिओली शिकवतात. दोन्हींच्या पिठात अंडं असतं. तिथे ‘व्हेजितारियानो’ म्हणजे फक्त मांस-मासे नकोत, त्यामुळे नुसतं ‘आम्ही शाकाहारी’ सांगून भागत नाही.

१. बुकिंग करतानाच ‘सेन्त्सा उओवा’ (अंड्याशिवाय) असं लिहून कळवा.

२. पदार्थाचं नाव घेऊनच मागा. टस्कनीत ‘पीची’: मैदा, पाणी, थोडं ऑलिव्ह तेल आणि मीठ. दक्षिणेला पुलियात असाल तर ‘ओरेक्किएत्ते’: ड्युरम गव्हाचं रवाळ पीठ आणि पाणी. काही घरांत पीचीतही अंडं घालतात, तेव्हा एकदा विचारून घ्याच.

३. सॉस ‘आल्योने’चा मागा. टोमॅटो आणि मोठ्या पाकळ्यांचा, सौम्य चवीचा लसूण, बस्स. पीचीबरोबर हा फार सुंदर लागतो.

पीची हातानेच वळतात, लांब आणि जाडसर. घरी गव्हले-मालत्या वळलेल्या आजी-आईला सोबत न्या, त्यांचा हात लगेच बसतो! परतल्यावर करायचं तर २०० ग्रॅम मैद्याला साधारण १०० मिली कोमट पाणी आणि चमचाभर तेल. मळून अर्धा तास झाकून ठेवा.

एक मात्र सांभाळा: पार्मिजानो रेज्जानो चीज वासराच्या पोटातल्या रेनेटनेच (दूध घट्ट करणारं द्रव्य) बनतं. ते चालत नसेल तर वरून किसून घालू नका, असं आधीच सांगा.